फाइल उघडते, पण पानं कोरी आहेत : दिव्यांग विद्यार्थी आणि वेबवरचं शिक्षण

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला आधीच विचारलं, की यात नवीन ॲप्स, नवीन यंत्रं दाखवणार का? नाही दाखवणार. म्हणजे थोडी नावं येतील ओघात, पण आज आपण बोलणार आहोत ते अगदी रोजच्या गोष्टींबद्दल. शिक्षकाने पाठवलेली पीडीएफ, कॉलेजच्या संकेतस्थळावरचा अर्ज, व्हॉट्सॲपवर आलेला फळ्याचा फोटो. दिव्यांग मुलांचं शिक्षण बहुतेक वेळा अशाच ठिकाणी अडतं, आणि सुटायचं असलं तर तिथेच सुटतं.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. पूर्ण अंध, हुशार, पहिल्या बाकावर बसणारी. तिच्याकडे लॅपटॉप होता, त्यात स्क्रीन रीडर होता, ती ई-मेल सहज वापरायची. आम्ही शिक्षकांनी ठरवलं की हिला सगळ्या नोट्स मेलवर पाठवायच्या. पाठवल्याही, न चुकता, दर आठवड्याला. आपण केवढं चांगलं काम करतोय असं आम्हाला वाटत होतं. सत्र परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा सहज विचारलं, वाचून झालं का सगळं? ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "सर, फाइल उघडते. पण पानं कोरी आहेत."

आम्ही फाइल उघडून बघितली. पानं भरलेली होती, शब्द न् शब्द दिसत होता. पण त्या नोट्स म्हणजे जुन्या टंकलिखित पानांचं स्कॅनिंग होतं, प्रत्येक पान म्हणजे एक फोटो. आपल्या डोळ्यांना फोटोतली अक्षरं दिसतात. स्क्रीन रीडरला दिसत नाहीत. तो आपला म्हणतो, "पान एक. पान दोन. पान तीन." तिने दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं की बिघाड आपल्याच लॅपटॉपमध्ये आहे. रात्री वसतिगृहातली एक मैत्रीण तिला वाचून दाखवायची, स्वतःचा अभ्यास झाल्यावर, जमेल तेवढं. त्या परीक्षेत तिला जे गुण मिळाले ते तिच्या हुशारीचे नव्हते, मैत्रिणीला किती वेळ मिळाला त्याचे होते.

हे बाजूला ठेवून आधी थोडं यंत्र समजून घेऊ. स्क्रीन रीडर म्हणजे काय? पडद्यावरचा मजकूर आवाजात, किंवा ब्रेल डिस्प्ले असेल तर ठिपक्यांत, सांगणारी संगणकप्रणाली. जॉज नावाचा स्क्रीन रीडर जगभर वापरात आहे, पण तो महाग. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला, जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यात सामील झाला, आणि दोघांनी तो फुकट ठेवला. अंध माणसाने डोळस माणसापेक्षा जास्त पैसे मोजून संगणक का वापरायचा, हा त्यांचा साधा प्रश्न होता. आज आपल्याकडच्या मुलांच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा हाच असतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर मुळातच असतात. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक नावाचा जो आवाज येतो त्यात मराठी आहे. पहिल्यांदा ऐकलं तर रोबो बोलतोय असं वाटतं. पण सरावलेली मुलं तो एवढ्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्या आपल्याला एक शब्द कळत नाही.

आता यातली कळीची गोष्ट. स्क्रीन रीडर पडदा 'बघत' नाही. पडद्यामागे जे साठवलेलं असतं ते तो वाचतो. तुम्ही शीर्षक मोठं आणि ठळक केलं, ते त्याला माहीत नाही. तुम्ही 'हे शीर्षक आहे' असं फाइलला सांगितलंत तरच त्याला कळतं. चित्र त्याला चित्र म्हणून दिसत नाही, चित्रामागे वर्णन लिहिलं असेल तर ते वर्णन ऐकू येतं. आजच्या विषयाचा जवळजवळ अर्धा भाग या एका वाक्यात येतो.

उरलेला अर्धा भाग मराठीचा आहे, आणि तो आपल्याशिवाय दुसरं कुणी सोडवणार नाही. म्हणून इथे जरा थांबू.

तुमच्यापैकी ज्यांनी डीटीपीची कामं केली आहेत त्यांना जुने फॉन्ट माहीत असतील. कृती देव, श्री-लिपी वगैरे. हे फॉन्ट आले तेव्हा संगणकाला देवनागरी येत नव्हती. मग युक्ती अशी केली, की आत साठवायची इंग्रजी अक्षरंच, फक्त त्यांचे आकार देवनागरीचे काढायचे. कृती देवमध्ये 'पान' हा शब्द लिहायचा तर कळा दाबायच्या आय, के आणि यू. पडद्यावर सुरेख 'पान' उमटतं, छापलं तरी 'पान'च. पण फाइलच्या पोटात आहे आय-के-यू. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, त्यामुळे मुलाला ऐकू येतं 'इकू'. 'काम' असेल तिथे ऐकू येतं 'डीकेई'. आता एक अख्खं प्रकरण असं ऐकून बघा. आम्ही एकदा शिक्षकांच्या कार्यशाळेत हे ध्वनिवर्धकावर ऐकवलं. पहिली दोन मिनिटं लोक हसले. पाचव्या मिनिटाला कुणी हसत नव्हतं.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यात देवनागरी पहिल्यापासून होती. विंडोज २००० पासून साध्या घरगुती संगणकावरही देवनागरी युनिकोड चालतं. म्हणजे तांत्रिक अडचण संपून आता पाव शतक होईल. तरी जुन्या फॉन्टमधलं साहित्य अजून हिंडतं आहे, कारण टंकलेखन करणाऱ्यांचा हात त्याच कळांवर बसलेला आहे आणि छपाईला त्याने काही बिघडत नाही. आमचा राग टंकलेखकांवर नाही. फाइल फक्त छापायला असते, असं गृहीत धरून ती मागवणाऱ्यांवर थोडा आहे.

उपाय आहेत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर बदलून देणारी परिवर्तकं फुकट मिळतात. मूळ फॉन्ट कोणता ते मात्र माहीत हवं, नाहीतर एका गडबडीतून दुसरी गडबड तयार होते. आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावं लागतं, जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात.

युनिकोडमध्ये लिहिलं की सगळं सुरळीत, असंही नाही बरं का. मराठीची स्वतःची काही कोडी आहेत. 'दऱ्या' आणि 'दर्या' घ्या. सह्याद्रीतल्या दऱ्या आणि दर्या म्हणजे समुद्र. डोळ्यांना फरक दिसतो, कारण एकात अर्धचंद्रासारखा अर्धा र आहे आणि दुसऱ्यात रफार. पण कळ चुकीची दाबली की साठवलं जातं भलतंच, आणि भूगोलाच्या पाठात सह्याद्रीत समुद्र निघतो. दुसरं कोडं उच्चाराचं. 'जग' म्हणजे विश्व आणि पाण्याचा 'जग', लिहायला सारखे, म्हणायला वेगळे. संदर्भ कळल्याशिवाय यंत्राला हे कसं कळणार? इथे मुलंच जुळवून घेतात, त्यांना सवय होते. पण एक गोष्ट आपल्या हातात असते. वेबपानाला किंवा फाइलला 'ही मराठी आहे' असं सांगायची सोय आहे. भाषेची खूण म्हणतात तिला, मराठीची खूण एमआर. ती नसली की यंत्र अंदाज बांधतं, आणि लिपी देवनागरी म्हटल्यावर अंदाज बहुधा हिंदीचा. मग आपला मराठी धडा हिंदी आवाजात, हिंदी उच्चारांनी वाचला जातो. समजतो, नाही असं नाही. पण दिवसभर तसं ऐकणं थकवणारं असतं. आमच्या विद्यार्थिनीचं म्हणणं, "कुणीतरी परका माणूस मराठी वाचतोय असं वाटतं."

आता स्कॅन केलेल्या पानांचं काय? त्यासाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं तंत्र. टेसरॅक्ट नावाची मुक्त प्रणाली मराठी ओळखते, गुगल ड्राइव्हमध्येही ही सोय आहे. स्वच्छ छापलेलं, सरळ स्कॅन केलेलं पान असेल तर निकाल चांगला येतो. फिकट झेरॉक्स असेल तर 'भ'चा 'म' होतो, 'ध'चा 'घ' होतो, अनुस्वार गळतात. 'धन' शब्दाचा 'घन' झाला तर अर्थशास्त्राचा धडा भूमितीत जाईल! म्हणून ओसीआर केलं आणि पाठवलं, असं करू नका. कुणीतरी मूळ पान शेजारी ठेवून तपासायला हवं. आमच्याकडे हे काम राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलं करतात. त्या निमित्ताने त्यांचाही धडा वाचून होतो.

तुम्ही पाठवलेली फाइल वाचता येण्यासारखी आहे का, हे कळायला तंत्रज्ञ लागत नाही. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मजकूर निवडताच आला नाही, तर तो फोटो आहे. पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा आला, तर जुना फॉन्ट आहे. मराठी आली पण काने-मात्रे विस्कटलेले असले, तर पीडीएफ करताना गोंधळ झाला आहे. धड मराठी आली, तर पाठवा. एक मिनिटाचं काम आहे. आणि शक्य असेल तेव्हा पीडीएफबरोबर मूळ वर्ड फाइलही जोडा. मराठीसाठी ती बहुतेक वेळा जास्त भरवशाची निघते.

शीर्षकांबद्दल थोडंसं. डोळस माणूस पुस्तक चाळतो, हवं ते प्रकरण नजरेने शोधतो. स्क्रीन रीडर वापरणारी मुलं एच ही कळ दाबत एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उड्या मारतात. पण वर्डमधली 'हेडिंग' शैली वापरली असेल तरच. आपण काय करतो, अक्षर मोठं करतो, ठळक करतो, खाली रेघ मारतो. दिसायला शीर्षक, यंत्राच्या लेखी साधं वाक्य. मग साठ पानांची फाइल पहिल्या ओळीपासून ऐकत जाण्याशिवाय मार्ग राहत नाही. कॅसेटवर एकच गाणं शोधत बसायचो ना आपण, पुढे-मागे करत? तसं. तक्त्यांचंही तेच. चौकटी एकमेकींत मिसळून सजवलेला तक्ता ऐकताना कोणता आकडा कोणत्या रकान्यातला, याचा पत्ता लागत नाही.

चित्रांच्या वर्णनावर मात्र आम्हाला जास्त बोलायचं आहे, कारण ते काम कुठलंही बटण करून देत नाही. समजा भूगोलाच्या पाठात महाराष्ट्राचा नकाशा आहे. वर्णन म्हणून काय लिहिलेलं असतं? 'नकाशा'. किंवा 'इमेज ३'. काही उत्साही शिक्षक उलट टोकाला जातात. नकाशात हिरवा रंग कुठे, सीमा कशी वळते, दिशादर्शक बाण कुठल्या कोपऱ्यात, सगळं लिहितात. दोन्हीचा उपयोग नाही. आधी विचारायचं, की हा नकाशा या धड्यात का आहे? धडा नद्यांचा असेल तर वर्णन असं हवं : 'सह्याद्रीची रांग किनाऱ्याला जवळजवळ समांतर, उत्तर-दक्षिण. तिच्या पूर्व बाजूला त्र्यंबकेश्वरजवळ गोदावरी, भीमाशंकरजवळ भीमा आणि महाबळेश्वरजवळ कृष्णा उगम पावते. तिघी पूर्वेकडे, आग्नेयेकडे लांब वाहत जातात. पश्चिमेकडच्या कोकणातल्या नद्या आखूड, थेट अरबी समुद्राला मिळणाऱ्या.' एवढंच. हाच नकाशा लोकसंख्येच्या धड्यात आला तर वर्णन पूर्ण वेगळं होईल. आमचा अनुभव असा, की हे लिहायला बसलं की शिक्षकालाच कळतं, काही चित्रं आपण उगाच टाकलेली आहेत. आम्ही दोन-चार काढूनच टाकली.

गणिताबद्दल थोडक्यात. समीकरण चित्र म्हणून टाकलं तर मुलाला ते मिळतच नाही. साध्या ओळीत लिहिलं तर अपूर्णांक कुठे सुरू झाला, कुठे संपला हे कळत नाही. 'अ अधिक ब भागिले क', यात क फक्त ब ला भागतो की दोघांच्या बेरजेला? वेबवर यासाठी १९९८ पासून मॅथएमएल नावाची पद्धत आहे, तिच्यात समीकरणाची रचनाच साठवली जाते. वर्डमध्ये समीकरण लिहायची जी सोय आहे ती वापरलीत तरी पुढचं बरंच काम सोपं होतं. मराठी उच्चारांची सोय अजून कमी पडते, तिथे शिक्षकाने स्वतःच्या आवाजात पायऱ्या ध्वनिमुद्रित करून देणं हाच आजचा खरा उपाय आहे.

इथपर्यंत आपण अंध विद्यार्थ्यांबद्दलच बोललो. आमचा अनुभव तिथला जास्त आहे म्हणून तसं झालं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात होते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. आणि ती मोजणी कायद्यातली यादी वाढण्यापूर्वीची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता तिच्यात वेगळ्या मोजलेल्याच नव्हत्या.

कर्णबधिर मुलांचा प्रश्न बरोबर उलटा. पडदा त्यांना दिसतो, व्हिडिओ ऐकू येत नाही. यूट्यूबवर २००९ पासून आपोआप बनणाऱ्या मथळ्यांची सोय सुरू झाली, इंग्रजीपासून. आज यंत्र मराठी बोलणंही बऱ्यापैकी उतरवतं, पण विषयाचे पारिभाषिक शब्द आले की घसरतं. 'प्रकाशसंश्लेषण'चं काय काय होतं ते आम्ही इथे सांगत नाही, हसू येतं. अडचण ही, की नेमका तोच शब्द परीक्षेत विचारलेला असतो. म्हणून यंत्राने उतरवलेला मजकूर शिक्षकाने किंवा एखाद्या विद्यार्थ्याने सुधारायला हवा. तरीही सगळं सुटत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पुष्कळ मुलांची पहिली भाषा खुणांची असते, लिखित मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा. मथळे देऊन आपण त्यांच्या हातात दुसऱ्या भाषेतलं पुस्तक देत असतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश केला आहे. तो वेबवर खुला आहे, आणि ऐकू येणाऱ्या शिक्षकांनीही बघावा असा आहे. कोविडच्या काळात ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा कर्णबधिर मुलांची आणखी एक अडचण दिसली. शिक्षक पडदा शेअर करतात आणि त्यांचा चेहरा टपालाच्या तिकिटाएवढा होतो. ओठ वाचणार कसे?

त्याच वर्गात अंध मूल असेल तर त्याला ऐकू यायचं, "हे बघा, हे इथून इथे गेलं, की ते तिकडे येतं." हे म्हणजे काय? इथून म्हणजे कुठून? आम्ही आमच्याच व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं डोळे मिटून ऐकली. तासाभरात आम्ही 'हे' आणि 'इथे' किती वेळा म्हणतो ते कळल्यावर लाज वाटली. यावर तंत्रज्ञान काही करू शकत नाही. नाव घेऊन बोलायचं, एवढंच.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी मजकूर ऐकता येणं आणि ऐकताना तो तो शब्द पडद्यावर उजळणं, याचा अनेकांना चांगला उपयोग होतो. डेझी आणि ईपब या पुस्तकांच्या प्रकारांत ही सोय असते. ओळींमधली जागा वाढवणं, पार्श्वभूमीचा रंग बदलणं, हेही ज्याचं त्याला ठरवता यायला हवं. मजकूर फोटोत अडकलेला असला की यातलं काहीच करता येत नाही. म्हणजे बघा, स्कॅन केलेली ती पीडीएफ फक्त अंध मुलीला नडत नाही.

हात नीट न चालणाऱ्या मुलांना माउस पकडणं अवघड जातं, ती कीबोर्डवरून किंवा एखाद्या स्विचवरून काम करतात. तुमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन माउसला हात न लावता, फक्त टॅब आणि एंटर वापरून प्रवेशअर्ज भरून बघा. कुठे अडकता ते लिहून काढा. त्यात तो वाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा आला की अंध मूल तिथेच संपलं. अर्ज भरायला सायबर कॅफेत जायचं, तिथल्या अनोळखी माणसाला आपला पासवर्ड आणि ओटीपी सांगायचा. स्वतःचा अर्ज स्वतः भरता येणं, ही अठरा वर्षांच्या माणसाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

परीक्षेच्या वेळेचंही सांगायला हवं. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा. पण ऑनलाइन चाचणीत घड्याळ सगळ्यांना एकच लावलेलं असतं आणि साठाव्या मिनिटाला पान आपोआप बंद होतं. मूडलसारख्या प्रणालीत एकेका विद्यार्थ्यासाठी वेळ वेगळी ठरवता येते, दोन-तीन क्लिकचं काम आहे. पण ती सोय आहे हे चाचणी लावणाऱ्याला माहीत नसतं, आणि चाचणी सुरू झाल्यावर सांगणार कुणाला?

या सगळ्याचे नियम कुणी ठरवलेत का? ठरवलेत. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ मध्ये सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांची २.२ ही आवृत्ती आली. चित्राला वर्णन, व्हिडिओला मथळे, साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक एवढा फरक, कीबोर्डवरून सगळं करता येणं, असं सारं त्यात मोजता येईल अशा भाषेत आहे. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ मध्ये जवळपास ९५ टक्के पानांत चुका निघाल्या. सर्वांत जास्त आढळलेली चूक म्हणजे फिकट अक्षरं. म्हणजे कुणालाही, आजच्या आज, पाच मिनिटांत सुधारता येईल अशी!

आणि आपला कायदा? २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यातलं बेचाळिसावं कलम माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचंच आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवणं कायद्याला धरून नाही, किमान काही निकष सक्तीचे हवेत, आणि सरकारला ते ठरवायला तीन महिने दिले. न्यायालयाचा आदेश वर्गातल्या पीडीएफपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हे आपण सगळे जाणतोच.

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतो.

पहिला प्रश्न एका प्राध्यापिकेचा होता. पुस्तक स्कॅन करून त्याचा मजकूर मुलाला दिला तर स्वामित्वहक्काचा भंग होतो का? नाही होत. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक बदलून, नफा न घेता, तिला देता येतं, प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अंधांसाठीच्या पुस्तकांबद्दलचा मराकेश आंतरराष्ट्रीय करार २०१३ चा. त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ च्या जूनमध्ये. अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे आणि फारशी कुणाला माहीत नाही. आणि स्कॅन करण्याआधी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय बघा, २०१६ पासून सुरू आहे. कुणीतरी ते पुस्तक आधीच करून ठेवलेलं असू शकतं. एकाच पुस्तकावर दोन शहरांत दोन गट महिनाभर बसले होते, असं आम्ही पाहिलं आहे.

दुसरा प्रश्न : आता तर फोनच चित्राचं वर्णन करतो, मग आम्ही कशाला लिहायचं? खरं आहे, करतो. बी माय आइज नावाच्या ॲपमध्ये पूर्वी डोळस स्वयंसेवक व्हिडिओवरून मदत करायचे, अजूनही करतात. २०२३ पासून त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वर्णन मिळण्याची सोय झाली. डब्यावरचं नाव, बसचा फलक, याला ते उत्तम. पण यंत्र चित्रात काय आहे ते सांगतं, शिक्षकाने ते चित्र का दाखवलं ते त्याला ठाऊक नसतं. शिवाय ते कधीकधी नसलेलं ठामपणे सांगतं, आणि ज्याला चित्र दिसत नाही त्याला ते पडताळायचा मार्ग नाही. मदत म्हणून वापरा. आम्हीही पहिला खर्डा तिथून घेतो, मग खोडतो.

तिसरा प्रश्न थोडा चढ्या आवाजात आला. साठ मुलांच्या वर्गात एका मुलासाठी एवढं करायचं? आम्ही या प्रश्नाला वाईट मानत नाही, शिक्षकांवर कामाचा बोजा खरोखरच आहे. पण त्या स्कॅन केलेल्या नोट्स आम्ही युनिकोडमध्ये करून घेतल्या, त्याला तीन आठवडे लागले, ते एकदाच. पुढच्या वर्षी वर्गातल्या मुलांनीच त्या मागितल्या, कारण त्यांना फोनवर शब्द शोधता येत होते. फोटोत शोधता येत नव्हते. एक मुलगा बसमधून येता-जाता त्या फोनकडून वाचून घ्यायचा. तो दिव्यांग नव्हता, त्याचा प्रवास दीड तासाचा होता.

आणि ती विद्यार्थिनी? पुढच्या सत्रापासून तिने स्वतः वाचून परीक्षा दिल्या, लेखनिक घेऊन. आता तिचं एम.ए. झालं आहे. आम्ही नव्या नोट्स आधी तिच्याकडे पाठवतो आणि त्या परत येतात, चुकांच्या यादीसकट. मागच्या आठवड्यात आलेल्या यादीत सात चुका होत्या. चौथी अशी होती : "सर, पान नऊ, आकृती दोन. वर्णनात तुम्ही लिहिलंय, 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे'."